दोन डिस्क, दोन घरं

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलं, की दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "एक टीबी केवढ्याला?" दुकानदार काउंटरवर दोन-तीन खोकी मांडतो. एक जरा स्वस्त, एक जरा नावाजलेलं, आणि एक छोटंसं, महाग. "ही एसएसडी, साहेब. एकदम फास्ट." गिऱ्हाईक किंमत बघतं, वॉरंटीची वर्षं बघतं, मुलाला फोन लावून विचारतं आणि स्कॅन करून पैसे देतं. पाच-दहा मिनिटांत खरेदी उरकते. ज्या वस्तूत आपण घरातली लग्नं, बारशी, गेलेल्या माणसांचे आवाज, शेताचे सात-बारा आणि मुलांच्या मार्कलिस्टा ठेवणार आहोत, तिच्यासाठी आपण चपलेइतकाही वेळ देत नाही.

वॉरंटीवर विसंबून फार लोक फसतात, म्हणून तिचं आधी सांगतो. तीन वर्षांची वॉरंटी याचा अर्थ तीन वर्षांत डिस्क बिघडली तर कंपनी दुसरी डिस्क देईल. आतल्या फोटोंची जबाबदारी ती घेत नाही, आणि तसं वॉरंटीच्या बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. त्यामुळे कुठली डिस्क घेऊ, असं कुणी मला विचारलं की मी आधी विचारतो, किती घेणार? एका भारी डिस्कचे पैसे खिशात असतील, तर त्यात दोन साध्या घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या मतामागे मोठमोठ्या संस्थांचे अनुभव आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या तेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना भडका उडाला. जळालेल्या यंत्रणांमध्ये 'जी-ड्राइव्ह' हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा साठा होता. कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न ठेवता तिथेच ठेवाव्यात, अशा सूचना होत्या. ८५८ टेराबाइट माहिती गेली आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. साठा इतका प्रचंड होता की त्याचा बॅकअप घेता येत नव्हता, असं कारण पुढे आलं. ज्या देशातून जगभर मेमरी चिप जातात, तिथल्या सरकारची ही गत.

आपल्या घरांत हेच रोज घडतं, फक्त आकडे लहान असतात. लॅपटॉप भरतो. मग फोटो एक्स्टर्नलवर 'टाकले' जातात आणि जागा व्हावी म्हणून लॅपटॉपवरून काढले जातात. त्यानंतर तो माणूस निर्धास्तपणे सांगतो, "बॅकअप घेतलाय." त्याने फोटोंची फक्त जागा बदललेली असते. प्रत एकच होती आणि एकच राहिली, शिवाय ती आता टेबलावरून पडू शकेल अशा डबीत गेली. डिस्क निवडताना होणाऱ्या सगळ्या चुकांपेक्षा ही चूक मोठी आहे आणि तिच्यावर कुठल्याही कंपनीच्या डिस्कचा इलाज नाही.

त्या डबीत काय चालतं हे थोडं समजून घेऊ. आत चकचकीत तबकड्या असतात. लहान एक्स्टर्नल डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, यावरून ते अंतर किती बारीक हे कळेल. आयबीएमने १९५६ साली या जातीचं पहिलं यंत्र बाजारात आणलं. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आज फोनवर काढलेल्या एक-दोन फोटोंना तेवढी जागा लागते. क्षमता लाखो पटींनी वाढली, पण फिरती तबकडी आणि तरंगतं हेड ही मूळ रचना तशीच आहे. म्हणूनच चालू डिस्कला बसलेला धक्का तिच्या जिवावर बेततो. गादीवर, मांडीवर, सोफ्याच्या हातावर ठेवून कॉपी लावू नये. सपाट टेबलावर ठेवावी, आणि केबल कुणाच्या पायात येणार नाही हे बघावं.

पण सगळं सांभाळूनही डिस्क जाते, आणि जाताना सांगून जातेच असं नाही. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. या नोंदीतले चार इशारे सर्वांत भरवशाचे निघाले. तरीही बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी या चारांतला एकही इशारा आधी दिलेला नव्हता. 'हेल्थ गुड' असं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर किती विश्वास ठेवायचा, ते यावरून ठरवावं.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लोकांचे बॅकअप सांभाळते आणि आपल्याकडच्या डिस्कांच्या बिघाडाचे आकडे २०१३पासून जाहीर करत आली आहे. २०२४ सालात त्यांच्याकडे डिस्क बिघडण्याचं प्रमाण १.५७ टक्के होतं. हे थंड, स्थिर, धूळ नसलेल्या खोल्यांतले आकडे आहेत. आपल्या घरात डिस्क पिशवीतून फिरते, तेव्हा प्रमाण याहून बरं असेल असं मानायला जागा नाही. तरी हाच आकडा धरून हिशेब करू. दर वर्षी १.५७ टक्के म्हटलं तर पाच वर्षांत साधारण तेरा डिस्कांमागे एक जाते. नात्यातल्या आणि शेजारच्या तेरा घरांची नावं मनात आणा, त्यांतल्या एका घरातले सगळे फोटो जाणार. आता दोन डिस्कांवर तीच माहिती ठेवली आणि दोन्ही एकाच वर्षी, एकमेकींशी काहीही संबंध नसताना बिघडायच्या म्हटल्या, तर ती शक्यता चार हजारांत एकाच्या आसपास येते. कितीही महाग असली तरी एकटी डिस्क या आकड्याच्या जवळ जाऊ शकत नाही.

या हिशेबाचा सगळा भार 'एकमेकींशी काहीही संबंध नसताना' या अटीवर आहे. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत असतील, एकाच कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या असतील, एकाच दिवशी घेतलेल्या एकाच मॉडेलच्या असतील, तर त्या एकाच कारणाने एकदम जाऊ शकतात. निवड करायची ती हे संबंध तोडण्यासाठी.

कंपनीपासून सुरुवात करू. हार्ड डिस्क बनवणारे आता जगात तीनच उरले आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११मध्ये सीगेटने घेतला, हिताचीचा २०१२मध्ये वेस्टर्न डिजिटलने. खोक्यावर चौथंच नाव असलं तरी आतली फिरती डिस्क या तिघांपैकी कुणाची तरी असते. "कुठली कंपनी चांगली?" या प्रश्नावर दुकानात वाद रंगतात, पण आकडे वेगळं सांगतात. सीगेटचं एक ३ टीबी मॉडेल बॅकब्लेझकडे इतकं बिघडलं की ते कुप्रसिद्ध झालं. त्याच कंपनीची इतर मॉडेलं तिथेच वर्षानुवर्षं नीट चालली. दोष मॉडेलचा असतो, कधी एखाद्या खेपेचा असतो, आणि तो घेतेवेळी कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून दोन डिस्क दोन कंपन्यांच्या घ्याव्यात. त्यातली कुठली टिकेल याची पैज लावत बसण्याची मग गरजच उरत नाही.

किती जागेची घ्यायची, याला सोपा अंदाज पुरतो. आज जेवढी माहिती आहे तिच्या दुप्पट, आणि घरात व्हिडिओ काढणारं कुणी असेल तर तिप्पट. आयफोनवर ४के व्हिडिओ काढला तर एका मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी जागा जाते, त्यामुळे नातवाच्या एका स्नेहसंमेलनात दहा-वीस जीबी सहज संपतात. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी दहाच्या पटीत मोजते आणि विंडोज दोनच्या घातांत मोजतं, एवढाच तो फरक.

आकाराचं मात्र आपल्याकडे महत्त्व आहे. अडीच इंची लहान डिस्कला वीज यूएसबी केबलमधूनच मिळते. साडेतीन इंची मोठी डिस्क टेराबाइटमागे बहुधा स्वस्त पडते, पण तिला वेगळा अडॅप्टर लागतो. जिथे दुपारी न सांगता वीज जाते, तिथे कॉपी चालू असताना मोठी डिस्क एकदम बंद पडते, तर लहान डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरं करते. यूपीएस नसलेल्या घराने लहानच घ्यावी.

खोक्यावर छापलेला वेग हा केबलचा वेग असतो. यूएसबी ३.०ची मर्यादा सेकंदाला ५ गिगाबिट आहे, पण फिरती लहान डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपासच थांबते. त्या वेगाने १ टीबी भरायला अडीच तास धरा. तीच डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली तर आठ-नऊ तास जातात. पहिल्या बॅकअपला रात्रभर लागली म्हणून डिस्क परत करायला जाण्याआधी पोर्ट तपासावा.

खोक्यावर सहसा न छापलेल्या दोन गोष्टी मात्र जाणून घ्यायलाच हव्यात. पहिली 'एसएमआर'. जास्त जागा मिळावी म्हणून या पद्धतीत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिल्या जातात. कोकणातल्या घरावर मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथे जुन्या माहितीच्या मध्ये काही बदलायचं तर पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रिकामी डिस्क पहिल्यांदा भरताना काही जाणवत नाही. नंतर खूप खोडाखोड झाली की वेग एकदम कोसळतो. वेस्टर्न डिजिटलने आपल्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्कांत ही पद्धत ग्राहकांना न सांगता वापरल्याचं २०२०मध्ये उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. आज अडीच इंची, २ टीबी आणि त्यावरच्या एक्स्टर्नल डिस्क बहुतेक याच जातीच्या असतात. कपाटात ठेवायच्या बॅकअपला मला त्यात आक्षेप वाटत नाही. त्याच डिस्कवर लग्नाचा व्हिडिओ एडिट करायला बसू नये, एवढंच. आणि भरलेली डिस्क अचानक मंद झाली की ती अडकली असं समजून केबल उपटू नये. ती आतल्या आत माहिती लावत असते, आणि नेमक्या त्या वेळी वीज तोडणं धोक्याचं असतं.

दुसरी गोष्ट आतल्या सर्किटची. पूर्वी एक्स्टर्नलचं कव्हर उघडलं की आत साधी लॅपटॉपची डिस्क निघायची. यूएसबीचा सॉकेट मोडला तरी ती डिस्क बाहेर काढून कॉम्प्युटरला थेट जोडता यायची. आता बऱ्याच लहान डिस्कांत यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या मूळ सर्किटवरच झाळलेला असतो. काहींत माहिती त्या सर्किटमध्येच कुलूपबंद होऊन लिहिली जाते, आपण पासवर्ड ठेवलेला नसला तरीही. त्यामुळे वारंवार केबल हिसकून सॉकेट ढिला झाला, तर पन्नास-शंभर रुपयांच्या भागासाठी रिकव्हरीवाल्याकडे जावं लागतं आणि तिथला खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. केबल सॉकेटपाशी धरून सरळ काढावी आणि प्रवासात लावून ठेवू नये.

एसएसडीबद्दल लोक मोठ्या आशेने विचारतात. तिच्यात फिरणारं काही नाही, पडली तरी बहुधा वाचते, वेग कितीतरी जास्त. रोज पिशवीत डिस्क घेऊन फिरणाऱ्या फोटोग्राफरने, पत्रकाराने तीच घ्यावी. कपाटात ठेवायला मात्र मी ती सुचवत नाही. एक तर टेराबाइटमागे ती महाग पडते. दुसरं, तिच्यातली माहिती विजेच्या भारावर टिकते. घरगुती एसएसडीने लिहिण्याची आयुष्यमर्यादा संपल्यावर विजेविना, ३० अंश सेल्सियसला, एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा उद्योगाच्या मानकात आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते, पण उष्णता तो काळ कमी करते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात किती तापतं हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. शिवाय महाग म्हणजे निर्धोक असंही नाही. सॅनडिस्कच्या नावाजलेल्या 'एक्स्ट्रीम प्रो' एसएसडी २०२३मध्ये अचानक बंद पडल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीला फर्मवेअर दुरुस्ती काढावी लागली आणि अमेरिकेत दावे दाखल झाले.

ऑनलाइन सेलमध्ये १६ टीबीची एसएसडी दोन हजारांत दिसली तर ती बनावट आहे, यात शंका ठेवू नका. आत एखादं लहान मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपल्यावरही कॉपी होताना दिसते, फायलींची नावंही दिसतात, आत मात्र काही नसतं. 'एच२टेस्टडब्ल्यू' हे मोफत सॉफ्टवेअर संपूर्ण डिस्क भरून परत वाचतं आणि हा खोटेपणा उघडा पाडतं. नवी डिस्क कुठलीही असो, एकदा ही परीक्षा घ्यावी.

काय साठवायचं, हाही निवडीचाच भाग आहे, आणि इथे मराठी छपाईच्या धंद्याने फार सोसलं आहे. 'मनोरंजन' मासिकाच्या १९०९मधल्या पहिल्या दिवाळी अंकाची प्रत हाती आली तर आपण ती आजही वाचू शकतो. पण पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपीवर लागलेल्या कितीतरी अंकांच्या फायली डिस्कवर शाबूत असूनही उघडत नाहीत. त्या पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या आहेत, ज्याची शेवटची आवृत्ती २००१मध्ये आली. अक्षरं श्रीलिपीच्या किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसेल, तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून छापखान्याने, मासिकाने, शाळेच्या ऑफिसने बॅकअप घेताना मूळ फायलीबरोबर तो फॉन्ट, पानांची पीडीएफ आणि युनिकोडमध्ये बदललेला मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. मराठीत गेल्या चाळीस वर्षांत जे लिहिलं गेलं त्याचा मोठा भाग अशा फायलींत अडकला आहे. जुने ऑपरेटर कामावर आहेत, त्यांचं मशीन सुरू होतंय, तोवर तो बाहेर काढायला हवा.

घरांत मात्र फोटो, पीडीएफ आणि वर्डच्या फायली एवढंच महत्त्वाचं असतं. विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमध्ये 'टाइम मशीन' ही आपोआप बॅकअप घेण्याची सोय विकत न घेता मिळते, ती वापरावी. दोन्ही प्रकारचे कॉम्प्युटर घरात असतील तर एकच डिस्क दोघांना पुरवण्याचा मोह होतो. त्यासाठी ती 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करतात. चालतं, पण मध्येच केबल निघाली तर या पद्धतीत नुकसान जास्त होतं आणि डिस्क पुन्हा लावल्यावर फॉरमॅट मागते. त्या क्षणी 'येस' दाबू नये. डिस्क काढून जाणत्या माणसाकडे न्यावी. टकटक असा आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघण्यानेच ती उरलीसुरली मरते.

आता दुसऱ्या डिस्कचं दुसरं घर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळमजल्यावरच्या घरांत कॉम्प्युटर व त्याच्या शेजारच्या सीडी एकाच पाण्यात गेल्या. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. तिथलं दीडशेहून अधिक वर्षांचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५पाठोपाठ पुन्हा पाण्याखाली गेलं. कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली दुसरी डिस्क चोरी, शॉर्ट सर्किट आणि पुरापुढे पहिलीइतकीच दुबळी असते. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला एक नियम जगभर पाळला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक बाहेर. आपल्याकडे 'बाहेर'ची अडचण नाही. बहीण दुसऱ्या गावात असते, मामा पुण्याला असतो, मुलगा बंगळूरला. गणपतीला आणि दिवाळीला येणं-जाणं होतंच. एक डिस्क त्यांच्याकडे ठेवावी, भेटीत बदलून आणावी, आणि त्यांची आपल्याकडे ठेवून घ्यावी.

प्रती असल्या तरी त्या उघडतात का, हेही बघावं लागतं. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू असताना चुकून पुसण्याची आज्ञा दिली गेली आणि पात्रं एकामागून एक नाहीशी होऊ लागली. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे त्या दिवशी कळलं. गेलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून चित्रपटाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून आणला आणि काम सावरलं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही धड कामाला येईना. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवर भागवावं लागलं. ही सगळी कॉम्प्युटरच्या धंद्यातली माणसं होती. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपच्या डिस्कमधून चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून खरोखर उघडून बघाव्यात. एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक मराठी मजकुराची फाइल, एक हिशेबाची.

बॅकअप संपला की डिस्क काढून ठेवावी. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा ज्यांची बॅकअप डिस्क कॉम्प्युटरला जोडलेलीच होती त्यांच्या दोन्ही प्रती एकदम कुलूपबंद झाल्या. क्लाउडलाही हेच लागू आहे. फोनवरून पुसलेला फोटो सिंक होऊन तिकडूनही पुसला जातो, कचरापेटीची मुदत संपली की कायमचा.

दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या डिस्कला पासवर्ड हवा, कारण तिच्यात आधार, पॅन आणि बँकेचे कागद असतात. विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी बिटलॉकर आहे, तो डिस्क कुलूपबंद करताना ४८ अंकी रिकव्हरी की देतो. अनेक घरांत पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो, बहुधा वडिलांना किंवा थोरल्या मुलाला. तो माणूस गेला किंवा आजारी पडून त्याची आठवण गेली, तर दोन्ही गावांतल्या दोन्ही डिस्क धडधाकट असून बंदच राहतात. ते ४८ अंक कागदावर स्वच्छ लिहावेत, डिस्कचं नाव आणि घेतल्याची तारीख त्यावर टाकावी, आणि एलआयसीच्या पॉलिसीबरोबर तो कागद ठेवून घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवावा.